धायटीचं लाल पाणी आणि राखाडी झालेला स्टोल

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पन्हाळ्याच्या रस्त्याला धायटीचं झुडूप लालभडक फुललेलं दिसलं, तुम्ही गाडी थांबवून पिशवीभर फुलं आणली, स्टीलच्या पातेल्यात उकळली, पाणी असं झालं की बघत राहावं, त्यात तुरटी टाकली, इचलकरंजीहून आणलेल्या कॉटनचा पांढरा स्टोल बुडवला, बाहेर काढला तेव्हा मस्त गुलाबी, आणि दुसऱ्या दिवशी साबण लावला तर तिथल्या तिथं मळकट राखाडी. आता तुम्ही विचारताय की रंग पक्का करायला काय घालू आणि धायटीतून लाल निघतो का नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते छोटं आहे. नाही निघत. म्हणजे पाण्यात निघतो, कापडावर राहत नाही. मी बावीस वर्षं हे काम करतोय आणि पहिल्याच वर्षी माझंही हेच झालंय, फक्त तुमचा एक स्टोल गेला, मी आठ साड्या घालवल्या आणि त्यातल्या दोन लोकांच्या होत्या, त्यांचे पैसे भरून दिले. त्यामुळं वाईट वाटून घेऊ नका, स्वस्तात शिकलाय.

आता हा लाल जातो कुठं ते समजून घ्या, कारण ते एकदा कळलं की पुढच्या शंभर फुलांच्या मागं पळायचं वाचतं. फुलातला जो लाल आहे तो अँथोसायनिन नावाचा रंग. जांभूळ, कोकम, जास्वंद, लाल कोबी, सगळ्यांत हीच मंडळी. यांचा स्वभाव असा की आंबट मिळालं की लाल आणि खार मिळाला की निळे-हिरवट. लहानपणी शर्टावर जांभळाचा डाग पडायचा आणि आई साबण लावायची तेव्हा तो डाग निळा व्हायचा, आठवतंय? कोकम सरबताचं भांडं घासताना बेसिनमध्ये निळसर पाणी दिसतं तेही तेच. तुमच्या पातेल्यात तुरटी होती, तुरटीचं पाणी आंबट असतं म्हणून गुलाबी खुललं, कपड्याचा साबण खारा म्हणून मेलं. आणि समजा साबण लावलाच नसता तरी उन्हात दोन आठवड्यांत उडालं असतं, कारण हा रंग कापडाला धरून बसतच नाही, नुसता पाहुण्यासारखा टेकतो. लिंबू पिळून, व्हिनेगर घालून, मीठ घालून पक्का होतो असं व्हिडिओत सांगतात ते सगळं सोडून द्या. मीठ तर नैसर्गिक रंगात जवळजवळ काहीच करत नाही, ती केमिकल डायवाल्यांची सवय इकडं आलीय.

पण तुमचा स्टोल नुसता पांढरा पडला नाही, राखाडी झाला, आणि मला खरा इंटरेस्ट तिथं आहे. राखाडी व्हायची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे वर सांगितलं तसं साबणानं रंग फिरला. दुसरं म्हणजे कुठून तरी लोखंड आलं, बोअरचं पाणी, गंजकी बादली, टाकीचा जुना पाईप, काहीही. घरी तपासता येतं. स्टोलच्या कोपऱ्यावर लिंबाचा एक थेंब टाका. गुलाबी छटा परत आली तर साबणाचा खेळ. गुलाबी न होता तिथला डाग फिकट पिवळसर झाला तर लोखंड. माझा अंदाज दोन्ही थोडं थोडं असणार, कारण आपल्याकडं बोअरच्या पाण्यात काय नसतं ते विचारा.

लोखंडानं राखाडी होणं म्हणजे धायटीनं काम केलं असं समजा. धायटीची खरी ताकद टॅनिन आहे. एक फूल तोंडात टाकून बघा, घाटातली पोरं ह्याचा मध चोखतात, पहिल्यांदा गोड लागतं आणि मग जीभ आखडते. ती जी तुरट चव ती टॅनिन. तुरट आणि तुरटी हे दोन शब्द आपल्या भाषेनं कधीच शेजारी ठेवलेत बघा, आणि रंगाऱ्याच्या पातेल्यातही ते शेजारीच लागतात. आपली कोल्हापुरी चप्पल ज्या चामड्याची असते ते बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, तिथंही कातड्याला धरतं ते टॅनिनच. कुळ बघितलं तर धायटी, मेंदी, डाळिंब आणि आपलं राज्यफूल तामण ही सगळी एकाच घरातली. डाळिंबाच्या सालीचा रंग ज्यानं केलाय त्याला धायटी लगेच ओळखीची वाटेल.

आयुर्वेदात हिला धातकी म्हणतात आणि अशोकारिष्ट, बलारिष्ट असल्या औषधांत ती आंबवण्यासाठी घालतात. म्हणूनच वाळलेली फुलं तुम्हाला काष्ठौषधीच्या दुकानात वर्षभर मिळतील, त्यासाठी पन्हाळ्याला जायची गरज नाही. घेताना फक्त मुठीत चुरून बघा, आतून तांबूस असली पाहिजेत, काळपट आणि बुरशीचा वास येत असेल तर सोडून द्या, ओली असताना पोत्यात भरलेली असतात ती.

तर धायटीकडं काय मागायचं? राखाडी मागायचा. आपल्याकडं जुना सुंदर शब्द आहे, पारवा. पारव्याच्या मानेच्या खालच्या पिसांचा असतो तसला. हिरड्याचा राखाडी माझ्या हाताला जरा हिरवटाकडं झुकतो, धायटीचा उबदार येतो, आणि तो धुण्याला आणि उन्हाला दोन्हीला टिकतो. शिवाय लोखंड न घालता नुसत्या तुरटीवर बदामी, खाकी असा रंग मिळतो तोही वाईट नाही, पण विकायला उठाव पारव्यालाच. काळा-राखाडी आपल्याकडं लोक घेत नाहीत असं मला सुरवातीला सगळ्यांनी सांगितलं होतं. संक्रांतीच्या आधीच्या महिन्यात माझं काय होतं ते बघायला या मग.

आता पद्धत सांगतो. सगळा हिशेब १०० ग्रॅम सुक्या कापडाचा धरतो, तुमचा स्टोल साधारण १२० ते १५० ग्रॅमचा असेल, वजन करूनच सुरू करा, अंदाजपंचे करणाऱ्याला दुसऱ्यांदा तोच रंग कधी मिळत नाही. स्वयंपाकाचा नको, वेगळा डिजिटल काटा घ्या.

सगळ्यात जास्त वेळ मी कापड धुण्यावर घालवतो आणि नवीन लोक नेमकं तेच गाळतात. इचलकरंजीच्या पॉवरलूमवरचं कापड असेल तर ताण्याच्या सुताला सायझिंग केलेलं असतं, म्हणजे सूत मागावर तुटू नये म्हणून स्टार्च वगैरेची कांजी दिलेली असते. ती कांजी राहिली की रंग वरच्या वर बसतो आणि दोन धुण्यांत ठिपके ठिपके होऊन निघतो. दुकानदार म्हणतो ब्लीच केलेलं आहे, रेडी आहे, ऐकू नका. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणा, पाणी घालून पातळ करा, त्याचा एक थेंब कापडाच्या टोकाला टाका, निळं-काळं झालं की स्टार्च आहे. असेल तर कोमट पाण्यात एक रात्र बुडवून ठेवा, सकाळी पाणी चिकट लागेल ते फेकून द्या. मग ३ लिटर पाण्यात ३ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साध्या साबणाचा चुरा घालून तासभर उकळा. धुण्याचा सोडा म्हणजे खायचा सोडा नाही हां, गल्लत होते. पाणी चहासारखं पिवळट होतं, पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या कापडातूनसुद्धा, पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो. मग स्वच्छ पाण्यात तीनदा खळबळून घ्या. कापडावर पाण्याचा थेंब टाकला की तो क्षणात आत गेला पाहिजे, वर मोत्यासारखा बसून राहिला तर परत उकळा.

आणि एक, कापड खरंच कॉटन आहे का बघा. हल्ली पॉलिस्टर मिक्स कॉटन सर्रास कॉटन म्हणून विकलं जातं. दोन धागे काढून जाळा. कॉटनचा कागद जळाल्यासारखा वास येतो आणि भुरी राख राहते, मिक्स असेल तर शेवटी कडक काळी गोळी होते. पॉलिस्टरला आपला कुठलाच रंग धरत नाही, त्यामुळं मिक्स कापडावर निम्मे धागे पांढरे राहून रंग फिका दिसतो आणि मग माणूस बिचाऱ्या झाडाला दोष देतो.

आता धायटी. वाळलेली फुलं ५० ग्रॅम घ्या, ताजी असतील तर तिप्पट चौपट. रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी मंद आचेवर पाऊण तास उकळा, जाड फडक्यातून गाळा. हा गाळ टाकू नका, परत एकदा उकळला की दुसरं पातळ पाणी निघतं ते फिक्या छटांना चालतं. गाळलेल्या पाण्यात भर घालून ३ लिटर करा, ओलं केलेलं कापड त्यात सोडा, तासभर गरम ठेवा, खळखळ उकळायची गरज नाही, अधूनमधून हलवा नाहीतर घडीच्या रेषा उमटतात. मग गॅस बंद करून रात्रभर त्यातच राहू द्या. टॅनिनला कॉटनवर बसायला थंड होतानाचाच वेळ मानवतो. सकाळी पिळा, पण धुवू नका.

पाण्यात गुलाबी दिसेल, परत मोह होईल, दुर्लक्ष करा.

नंतर तुरटी. तुम्ही फुलांच्या पातेल्यातच तुरटी टाकली ती चूक होती, कारण तुरटी आणि टॅनिन पाण्यातच एकमेकांना धरून तळाला बसतात आणि कापडाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. दोन वेगळ्या पाण्यांत करायचं. १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवा, २ ग्रॅम धुण्याचा सोडा दुसऱ्या कपात विरघळवून हळूहळू त्यात ओता, फेस येतो, मोठं भांडं घ्या. सोडा यासाठी की कॉटनला आंबट तुरटी आवडत नाही, थोडी मवाळ करून द्यावी लागते. कोमट पाण्यात कापड तीन चार तास ठेवा. इथं थांबलात तर बदामी-खाकी रंग. थोडं वाळवून मग धुवा.

पारवा पाहिजे असेल तर तुरटीची पायरी गाळली तरी चालते, टॅनिनवरून थेट हिराकस, म्हणजे लोखंडाचं सल्फेट. १०० ग्रॅमला २ ग्रॅम, जास्त नाही. हे वाचून पुष्कळ जण चमचा भरून टाकतात कारण रंग डोळ्यांसमोर काळा होत जातो आणि हात थांबत नाही. हिराकस जास्त झालं की कापड वर्षा-दोन वर्षांत कुजतं. जुन्या छापील कापडांत बघा, बाकी सगळं शाबूत असतं आणि जिथं काळी रेघ होती तिथं नेमकं भोक पडलेलं असतं. हिराकस हिरव्या खड्यांचं घ्या, डब्यात पडून पिवळं-तांबूस झालेलं नको. ३ लिटर कोमट पाण्यात विरघळवा, हातमोजे घाला, कापड सोडा आणि पाच ते दहा मिनिटं एक सेकंद न थांबता हलवत राहा, फोन आला तर उचलायचा नाही. बाहेर काढून हवा लागू द्या, अजून थोडा गडद होतो. मग भरपूर पाण्यात धुवा. गडद पाहिजे तर हिराकस वाढवायचं नाही, परत धायटीच्या पाण्यात, परत त्याच हिराकसच्या उरलेल्या पाण्यात, अशा दोन तीन बुडव्या द्यायच्या. तीन बुडव्यांत चंद्रकळेच्या, म्हणजे त्या काळ्या साडीच्या, जवळपास जाता येतं, पूर्ण काळा मात्र नुसत्या धायटीवर माझ्याकडून आजतागायत झालेला नाही, त्यासाठी मी खाली हिरड्याचा हात देतो. आपल्या भागात हिरड्याला काय तोटा आहे, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीचा हिरडा कुठल्या कुठं जातो.

हिराकस विकत घ्यायचं नसेल तर गुळाचं लोखंडी पाणी करा, हे मला सगळ्यात आवडतं काम. छपाईवाले लोक पिढ्यानपिढ्या हे करतात आणि आपण तर गुळाच्या गावात राहतो. किलोभर गंजलेले खिळे, नाल, लोखंडाचे तुकडे, पाव किलो गूळ, ५ लिटर पाणी, प्लास्टिकच्या ड्रममध्ये, झाकण सैल ठेवून. गूळ काळा, जुना, हलका असला तरी चालतो, चांगला पिवळा धमक गूळ यात घालणं म्हणजे पाप. उन्हाळ्यात पंधरा दिवस, पावसाळ्यात तीन आठवडे तरी. वर फेस येतो, आंबूस वास सुटतो, घरातली माणसं वैतागतात. फेस बसला आणि पाणी गढूळ झालं की गाळून घ्या. ताकद मोजता येत नाही हा एक तोटा, प्रत्येक खेपेला कापडाच्या चिंधीवर ट्राय करून मगच मोठं कापड बुडवायचं.

इथं माझी एक हुशारी सांगतो. धायटी आंबवायला वापरतात हे माहीत होतं, म्हटलं लोखंडी पाणी लवकर आंबावं म्हणून त्यात दोन मुठी फुलं टाकू. आंबलं, लय जोरात आंबलं, झाकण उडालं. पण फुलातलं टॅनिन ड्रममध्येच लोखंडाला भेटलं आणि पाच लिटर शाई तयार झाली. हिरडा आणि हिराकसची शाई पूर्वी लिहायला करायचे तसलीच. कापडाला एक डाग धरेना, सगळा रंग आधीच पाण्यात तयार होऊन बसलेला. चार दिवस पोरगा बोरूनं लिहीत बसला तेवढाच उपयोग. रंग कापडात तयार झाला पाहिजे, पातेल्यात तयार झाला की संपलं, तुमच्या तुरटीच्या बाबतीत झालं तेही हेच होतं.

सिल्क आणि लोकरीचं थोडक्यात. सिल्कला टॅनिन पटकन धरतं, २५-३० ग्रॅम फुलं बास होतात, तुरटी १० ते १२ ग्रॅम आणि सोडा अजिबात नको. सिल्कवर धायटी-तुरटीची जी बदामी येते तिच्यात जरा गुलाबी झाक राहते, तुमच्या मनातल्या गुलाबीच्या सगळ्यात जवळ जाणारी टिकाऊ गोष्ट हीच. लोकरीवर हिराकस निम्म्यानं कमी करा, नाहीतर आधीच खरखरीत असलेली दख्खनी लोकर काथ्यासारखी होते. पट्टणकोडोलीच्या बाजूची पांढरी-करडी लोकर मी सूत असतानाच रंगवतो, घोंगडं विणून झाल्यावर नाही, कारण घोंगड्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते आणि ती काढताना निम्मा जीव जातो. लोकर गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकली की आटते, हे सांगायची गरज नसावी पण दर वर्षी कोणीतरी करतंच.

आता तुम्हाला लालच पाहिजे असेल, हट्टच असेल, तर दुसऱ्या झाडांकडं जावं लागेल. कॉटनवर लाल म्हणजे मूळं. मंजिष्ठा, तीही काष्ठौषधीच्या दुकानात मिळते, किंवा आल म्हणजे आपली बारतोंडी. बारतोंडीच्या मुळांवर एकेकाळी लाल रंगाचा मोठा धंदा चालायचा, १८६८ साली जर्मनीत कोळशाच्या डांबरापासून अलिझरिन नावाचा लाल रंग करायची युक्ती सापडली आणि मग काही दशकांत स्वस्त लालनं तो झोपवला. आता मजा बघा, त्या आलच्या रंगकामात धायटीची फुलं मदतनीस म्हणून घालायचे. म्हणजे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं की धायटी लाल देत नाही, दुसऱ्याच्या लालला धरून ठेवते. तुम्हीही तसंच करा. वर सांगितलं तसं धायटीचं टॅनिन, मग तुरटी, आणि तिसऱ्या पाण्यात १०० ग्रॅमला १०० ग्रॅम मंजिष्ठा कुटून, रात्रभर भिजवून. पाणी उकळू द्यायचं नाही, हात बुडवला तर चटका बसेल पण बुडबुडे येणार नाहीत असं ठेवायचं, उकळलं की तपकिरी होतं. विटकरी लाल येतो, कौलाच्या रंगाचा. कुंकवाचा लाल येत नाही, खोटं कशाला सांगू.

सिल्कला भडक काही पाहिजे असेल तर शेंद्री, काही जण कुंकूफळ म्हणतात. ही पण आपल्याच घाटातली, झुडूप ते लहान झाड. फळावर लाल भुकटी असते, उन्हाळ्याच्या तोंडाला फळं पिकली की पाटीत घोळून ती झाडून घ्यायची. बिया दळायच्या नाहीत, भुकटीच पाहिजे. ती भुकटी पाण्यात विरघळतच नाही, वर तरंगते, पहिल्यांदा मला वाटलं भेसळ आहे. तिला खार लागतो. जुनं प्रमाण असं आहे की भुकटी ४ भाग, धुण्याचा सोडा २ भाग, तुरटी १ भाग, आणि भुकटी आधी थोड्या तिळाच्या तेलात खलून घ्यायची. सिल्कवर असा शेंदरी-नारिंगी येतो की नाद खुळा. फक्त सोड्यानं सिल्कची चमक जाते म्हणून पाणी कडक गरम करू नका आणि काम अर्ध्या तासात उरका. शेंद्री म्हणून काही ठिकाणी दुसरंच एक झाड देतात, केसाळ बोंडात लाल बिया असलेलं, ते अमेरिकेतून आलेलं, त्याचा रंग उन्हात फार लवकर उडतो. विकत घेताना बी आहे की भुकटी आहे एवढं बघा.

फुलं गोळा करण्याबद्दल जरा बोलतो, राग मानू नका. धायटी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत फुलते, डोंगर वाळलेले असतात, आणि त्या दिवसांत शिंजीर, बुलबुल, मधमाश्या या सगळ्यांचं हॉटेल तेच असतं. पिशवीभर एका झुडपाची ओरबाडून आणणं बरोबर नाही. एका झुडपाची दोन तीन डहाळ्यांवरची घ्या आणि पुढं चला. राधानगरी अभयारण्यात तर हातच लावायचा नाही, १९५८ पासूनचं अभयारण्य आहे, तिथं पानसुद्धा तोडणं गुन्हा. आणि खरं सांगू का, पारव्या रंगासाठी फुलं लागतही नाहीत. पानांत टॅनिन भरपूर असतं. मी आता सत्तर टक्के काम पानांवर करतो. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर, मुरमाड उताराला आठ दहा धायट्या आहेत, फुलं संपली की एप्रिल-मेमध्ये तो छाटून देतो, छाटली की पावसात दुप्पट फुटते, असली चिवट जात आहे. पानं सावलीत वाळवून पोत्यात भरली की वर्षभर पुरतात. पानांचं प्रमाण १०० ग्रॅमला १०० ग्रॅम धरा. खाकी जरा जास्त पिवळा येतो, पारव्यात मात्र फरक ओळखून दाखवा.

विकायला काढण्याआधी दोन टेस्ट कराच. रंगवलेली पट्टी पुठ्ठ्यात अर्धी झाकून दक्षिणेच्या खिडकीत तीन आठवडे ठेवा, मग पुठ्ठा काढून दोन्ही अर्धे शेजारी बघा. आणि दुसरी पट्टी पांढऱ्या फडक्याला शिवून पाच वेळा धुवा, पांढरं फडकं रंगलं का बघा. धुण्याला रिठा वापरा आणि गिऱ्हाईकालाही तेच लिहून द्या, साबणाचा खार त्यात नसतो. लिंबू-व्हिनेगरचा काही पदार्थ पारव्यावर सांडला तर पांढरा ठिपका पडतो, तेही आधी सांगून टाका, भेळ खाताना पडलेल्या लिंबाच्या थेंबावरून एका बाईंनी माझ्याशी तासभर वाद घातलाय.

लेबलवर केमिकल-फ्री लिहू नका. तुरटी केमिकल आहे, हिराकस केमिकल आहे, सोडा आहे. नैसर्गिक रंग एवढं लिहिलं तरी पुष्कळ झालं. मोरचूद (तांब्याचं सल्फेट) आणि क्रोम (क्रोमियमचे क्षार) कोणी सुचवलं तर हात जोडा, मोरचूदानं हिरवा छान येतो हे खरं, पण तो पाण्यातल्या माशांना मारतो आणि पंचगंगेच्या वाट्याला आधीच काय कमी येतंय का. हिराकसचं उरलेलं पाणीही नाल्यात ओतू नका, दुसऱ्या खेपेला वापरून संपवा, शेवटी उरलंच तर त्यात धायटीचं जुनं पाणी ओतून काळा गाळ बसू द्या, वरचं निवळ ओता आणि गाळ वाळवून कचऱ्यात द्या.

आणि तो बिघडलेला स्टोल टाकू नका. तो परत सोड्यात उकळा, जेवढं जाईल तेवढं जाऊ दे, धायटीच्या नव्या पाण्यात रात्रभर ठेवा, मग २ टक्के हिराकस. डाग राहिलेच तर दोऱ्यानं चार गाठी मारून बुडवा, डाग डिझाइनमध्ये जातात, मी पहिल्या वर्षी बिघडलेल्या त्या आठांतल्या सहा साड्या तशाच विकल्या होत्या. बाकी दोघींना पैसे परत दिलेच होते. फक्त ज्या पातेल्यात हिराकस कराल ते परत स्वयंपाकघरात नेऊ नका, वर ऑइल पेंटनं मोठी फुली मारून ठेवा.